बोळक्यातला श्वास

आमच्या गावात काही वर्षं अशी होती की बाजाराहून परतलेल्या पुरुषाला घरी जाण्याआधी आमच्या ओसरीवर थांबून मातीच्या बोळक्यात फुंकर मारावी लागे. ते बोळकं आतल्या खोलीत माझ्याकडे येई. मी त्याला नाक लावी आणि सांगे, हा प्यायलेला आहे, हा नाही. माझं म्हणणं शेवटचं असे. त्यावर अपील नव्हतं, आणि असतं तरी मी ते चालू दिलं नसतं.

गाव आमगाव आणि सालेकसा यांच्या मधलं, धानाच्या बांध्यांनी वेढलेलं. तेव्हा आमचा मुलूख भंडारा जिल्ह्यात मोडत असे. गोंदिया म्हणजे राईस मिलचं, विडीच्या कारखान्यांचं आणि रेल्वेच्या शिट्ट्यांचं गाव. माझं माहेर त्याच्या जवळच, नागऱ्याला. वडील धानाचे व्यापारी. पोत्यात हात घालून मूठभर तांदूळ काढायचा, तोंडाजवळ नेऊन त्यावर श्वास सोडायचा आणि लगेच हुंगायचा, अशी त्यांची रीत होती. गरम श्वास लागला की ओल धरलेला तांदूळ आपला वास लपवू शकत नाही. मी ते पाहून शिकले आणि लवकरच त्यांच्यापेक्षा बरं करू लागले. ते स्वतःच तसं म्हणत, म्हणून सांगते. नाहीतर लोक म्हणतील, म्हातारी आपलीच आरती ओवाळते आहे.

सासरी आल्यावर पहिल्याच महिन्यात मी जवसाच्या तेलात रॉकेल मिसळलंय हे डबा न उघडता सांगितलं. सासूबाई म्हणाल्या, “हिचं नाक हाय का काय हाय!” तेव्हापासून घरातलं दूध नासायला आलं का, कोठीत उंदीर मेलाय का, अशा सगळ्या चौकशा माझ्याकडे यायला लागल्या.

दारूबंदीचं मंडळ काढलं ते माझ्या भासऱ्यांनी, म्हणजे नवऱ्याच्या थोरल्या भावानं. पस्तिशीचा उंच, बारीक माणूस. गळ्यात तुळशीची माळ, बोलणं कमी, आणि एकदा ठरवलं की बैलजोडी लावूनही हलणार नाही असा हट्ट. आमच्याकडे मोहाची झाडं चिकार. उन्हाळ्यात फुलं वेचायची, वाळवायची, आणि मग ज्याला त्याला ठाऊक असे की कुणाच्या मागच्या वाडीत भट्टी लागते. बाजारच्या दिवशी बायका दार लावून बसत. देश स्वतंत्र झाला, आता घरातल्या बायकांनी मार खाऊ नये, असं भासरे सभेत म्हणाले. त्यांच्या तोंडून मी ऐकलेलं ते सगळ्यात लांब भाषण.

पण प्यायलेला कोण हे ठरवायचं कसं? सुरुवातीला पंचच एकमेकांची तोंडं हुंगत. लोक हुशार. कुणी लवंग चघळून येई, कुणी कच्चा कांदा, कुणी तुळशीची पानं तोंडात भरून देवमाणूस होऊन येई. शिवाय दोन पंच स्वतःच अधूनमधून घेणारे, त्यांना सगळं गावच शुद्ध वाटायचं. शेवटी भासरे सासूबाईंना म्हणाले, “धाकलीचं नाक घ्या.”

अडचण एकच होती. सून परपुरुषाच्या तोंडाला नाक लावणार कशी? आणि भासऱ्यांच्या बाबतीत तर प्रश्नच नव्हता. धाकट्या भावाच्या बायकोनं थोरल्या दिरासमोर यायचं नाही, आलीच तर पदर हनुवटीपर्यंत ओढायचा, त्यांच्याशी बोलायचं नाही, त्यांची सावलीही चुकवायची. मी त्या घरात आले तेव्हापासून त्यांचा चेहरा पदराच्या विणीतूनच पाहिला होता. त्यांना काय म्हणून हाक मारायची हे मला ठाऊक नव्हतं, कारण कधी मारलीच नव्हती. त्यांनाही काही सांगायचं असलं तर भिंतीकडे बघून माझ्या जाऊबाईंना सांगत, “तिले सांग, धान वाळू घाल.” मी दोन हातांवर उभी असे आणि सगळं ऐकत असे, तरी जाऊबाई वळून मला पुन्हा सांगत.

म्हणून बोळकी आली. लहान तोंडाची, मुठीएवढी, कुंभाराकडून मुद्दाम करवलेली. नव्या मातीला स्वतःचा वास असतो, तेव्हा मी ती आधी उकळत्या पाण्यात काढून उन्हात ठेवायला लावी. आणि फुंकर कशी मारायची हेही मीच ठरवलं. पहिला श्वास बाहेर सोडून द्यायचा. पहिला श्वास तोंडातला असतो, त्यात लवंग, कांदा, तुळस, सगळी लबाडी असते. तो पुरता सोडला की शेवटी जो उरतो, छातीच्या तळातला, तो बोळक्यात सोडायचा आणि वर लगेच पळसाचं पान दाबून बसवायचं. तळातल्या श्वासाला लबाडी करता येत नाही. जाऊबाई बोळकी ओळीनं माझ्यासमोर आणून ठेवत. कोणतं कुणाचं ते फक्त त्यांना माहीत, मला नाही. हाही माझाच नियम. नाव कळलं की नाक पक्षपात करतं.

आता माझा नातू सांगतो की परदेशात अशी यंत्रं निघाली आहेत, त्यात श्वास सोडला की कुठला आजार आहे ते कळतं. त्यातही फुंकरीच्या शेवटी येणारा श्वासच घ्यावा लागतो, असंही म्हणाला. मी म्हटलं, बरोबर आहे, त्यांना उशिरा का होईना कळलं.

दोषी ठरलेल्याला शिक्षा अशी की त्यानं दुसऱ्या दिवशी भर सकाळी चौकात जात्यावर बसून आपल्याच घरचं दळण दळायचं. मिशांना पीठ लागलेला बाप्या जात्याचा खुंटा धरून बसला की पोरंटोरं भोवती जमत आणि बायका विहिरीवर मुद्दाम वेळ काढत. आमच्या गावात त्या वर्षांत मार कमी झाला, हे मी छातीठोकपणे सांगते. पीठ मात्र जाडंभरडं खावं लागलं.

भासरे मंडळाचे मुख्य, तरी नियम मोडत नसत. बाजारच्या संध्याकाळी सगळ्यांच्या आधी स्वतः फुंकर मारत. त्यांचं बोळकं इतरांच्या ओळीत कुठेतरी येई. मला ते कधी ओळखू आलं नाही, कारण त्यात ओळखण्यासारखं काही नसायचं.

त्या वर्षी धान कापून, मळून घरात आलं होतं. थंडीचे दिवस. अंगणातल्या झाडाचे जांब पिकून खाली पडत होते. आमच्याकडे पेरूला जांब म्हणतात. बाजारच्या संध्याकाळी जाऊबाईंनी बोळकी आणून ठेवली. पहिली दोन स्वच्छ. तिसऱ्यावरचं पान काढलं आणि मी मागे सरकले.

गोड वास होता. पण मोहाचा नव्हता. मोहाच्या दारूचा वास जड असतो, त्याला भट्टीचा धूर असतो, तो नाकात चिकटून बसतो. हा हलका होता आणि टोकदार होता. जास्त पिकलेले जांब झाकून ठेवलेल्या टोपलीचं झाकण काढावं तसा. मी पुन्हा हुंगलं. मग जाऊबाईंना म्हटलं, “बाहेर सांगा, याच्यात दारू नाही. पण हा मानूस बिमार हाय. कोन हाय तो?”

जाऊबाईंचा चेहरा उतरला होता. त्या बाहेर गेल्या आणि माझं म्हणणं जसंच्या तसं सांगितलं. बाहेर कुजबुज सुरू झाली. मंडळात एक म्हातारा पंच होता, उभा जन्म मोहाची पिऊन दात पडल्यावर सोडलेला. तो म्हणाला, “बिमार कायचा? आना इकडं.” त्यानं बोळकं घेतलं, डोळे मिटून हुंगलं आणि असा सुस्कारा सोडला की जणू जुनी मैत्रीण भेटली. “पहिल्या धारेची हाय,” तो म्हणाला. “गोड म्हनते ना बाई? गोड म्हनजे मोह. दुसरं काय गोड ऱ्हाते मानसाच्या तोंडात?”

ते बोळकं हातोहात फिरलं. ज्यानं त्यानं हुंगलं आणि मान डोलावली. या मुलखात श्वास गोड आला म्हणजे मोह, यापलीकडे कुणाला काही सुचणं शक्यच नव्हतं. लहानपणापासून सगळ्यांच्या नाकात एकच गोडवा बसलेला.

तेवढ्यात भासरे उठून उभे राहिले. “ते बोळकं माहं हाय,” ते म्हणाले.

मी दाराआड होते. मला आधी त्यांची काळजी वाटली नाही, आधी राग आला. मी सांगितलं होतं, दारू नाही. माझं बोलणं बाजूला सारून एका दात पडलेल्या बेवड्याचं ऐकलं जातंय! पण भासरे माझा आधार घेऊन सुटणारे नव्हते. घरची सून, घरच्या माणसाला वाचवणारच, असं लोक म्हणणार हे त्यांना दिसलं. ते म्हणाले, “मी प्यालो नाही. पन माह्या तोंडाले वास हाय, हे खरं. वास जाईलपर्यंत मी अन्न घेनार नाही. पानी घेईन. रोज सकाळी बोळकं हुंगा.”

आणि ते जाऊन देवघराच्या पडवीत घोंगडीवर बसले.

दुसऱ्या सकाळी पंच आले. भासऱ्यांनी फुंकर मारली. वास कमी व्हायला हवा होता, तो वाढला होता. दारूचा वास रात्रीतून विरतो आणि सकाळी आंबट होतो, हे मी दारातून ओरडून सांगितलं. हा तसाच, ताजा, गोड होता. पण पंचांनी त्याचा उलटा अर्थ लावला. म्हणाले, वास ताजा आहे म्हणजे रात्री लपून घेतली. एकानं तर घोंगडी उचलून खाली बाटली आहे का पाहिलं. भासरे बाजूला झाले आणि त्याला पाहू दिलं. त्यांचा चेहरा मला दिसत नव्हता, पण मान दिसत होती. ती मान मी तशी वाकलेली कधी पाहिली नव्हती.

मी जाऊबाईंना मागच्या दारी नेलं आणि खोदून विचारलं. त्या रडत रडत सांगू लागल्या. महिना झाला, सारखं पाणी पितात. घागर उशाशी लागते. सारखे बाहेर जातात. जेवतात बैलासारखं आणि वाळत चाललेत, बंडीचे बंद दोनदा आवळून शिवले. “मले वाटलं, कापनीची मेहनत हाय,” त्या म्हणाल्या.

पाणी, सारखं पाणी. मला माझी धाकटी बहीण आठवली.

मी दहा-अकरा वर्षांची असेन, ती आठ. नागऱ्याच्या घरी ती अशीच वाळत गेली. अशीच पाणी मागायची. मोहाची फुलं अंगणभर वाळत होती आणि तिच्या तोंडाला गोड वास यायचा. आई म्हणाली, पोरगी चोरून फुलं खाते. पोरं खातातच. कुणाला त्यात काही वेगळं वाटलं नाही. मी तिच्या शेजारी झोपायची. मला माहीत होतं की तिनं फुलं खाल्लेली नाहीत, तो वास वेगळा आहे. मी म्हटलंही, पण पोरीचं कोण ऐकतं. एक दिवस तिचा श्वास जोरात चालायला लागला, धावून आल्यासारखा, आणि ती झोपली ती उठलीच नाही. मोहाच्या मोसमाचा मला अजून राग येतो. सगळा मुलूख त्या वासावर खूश असतो, मी दारं लावून घेते.

त्या आजाराला काय म्हणतात हे मला माहीत नव्हतं. त्यावर औषध आहे का हेही नाही. एवढंच ठाऊक होतं की तो वास मी एकदाच घेतला होता आणि त्याच्यामागून मरण आलं होतं.

नवऱ्याला सांगितलं, गोंदियाला नेऊ या. माझा नवरा सज्जन माणूस, पण थोरल्या भावासमोर त्याच्या जिभेला गाठ पडायची. तो गेला, पडवीच्या खांबाला टेकून उभा राहिला, “हवा थंड हाय” असं काहीतरी म्हणाला आणि परत आला. मग सासूबाई गेल्या. भासरे त्यांना म्हणाले, “आता गाव सोडून गेलो तं लोक म्हनतीन, पळाला. मी मेलो तं चालते, पन पळाला नाई म्हनाव कोनी.” सासूबाई रडत आल्या आणि देव पाण्यात घालून बसल्या.

तिसऱ्या सकाळी बोळकं लागलंच नाही. मी माजघरात होते आणि वास पडवीतून माझ्यापर्यंत आला. पाठोपाठ आवाज आला. श्वासाचा. खोल, भरभर, टेकडी चढून आल्यासारखा. माणूस घोंगडीवर बसलेला आणि श्वास असा.

पंच ओसरीवर येऊन बसले होते. म्हातारा पंच तंबाखू मळत होता. माझ्या हातात लाटणं होतं, ते तसंच हातात घेऊन मी बाहेर आले. ओसरी ओलांडली, पडवीत गेले आणि भासऱ्यांसमोर उभी राहिले. पदर डोक्यावर होता, पण मी तो ओढला नाही. सासूबाईंनी “अवं, अवं” केलं. मी ऐकलं नाही. काय म्हणून हाक मारावी ते अजूनही माहीत नव्हतं, म्हणून हाक न मारताच बोलले.

“तुमी मले बोळकी हुंगाले बसवलं,” मी म्हटलं. “माह्या शब्दावर गावातल्या बाप्यांना जात्यावर बसवलं. त्यांनी किती शपथा घेतल्या, पोराच्या घेतल्या, देवाच्या घेतल्या. तुमी म्हनले, बाई म्हनते तेच खरं. आता मी म्हनून राहिली का ही दारू नाही, बिमारी हाय. माहा शब्द खोटा असंन तं त्या सगळ्यांना बलावा. चौकात उभं राहून त्यांची माफी मांगा, का तुमाले फुकट दळाले लावलं. अन् माहा शब्द खरा असंन तं गाडीत बसा. दोन्ही नाही करत तं मंग मंडळ कायले काढलं?”

मी आयुष्यात बरीच भांडणं केली, पण इतकं नीट कधी भांडले नाही. म्हाताऱ्याच्या हातातली तंबाखू तशीच राहिली. भासऱ्यांचा श्वास तसाच चालला होता. ते भिंतीकडे तोंड करून जाऊबाईंना म्हणाले, “तिले सांग, गाडी जुंपाले सांग.”

मी जाऊबाईंची वाट न बघता गोठ्याकडे पळाले.

बैलगाडीनं स्टेशन, तिथून पॅसेंजरनं गोंदिया. मी बरोबर जाण्याचा हट्ट धरला. नवरा डॉक्टरसमोर काय सांगणार होता, हवा थंड हाय? गाडीत भासरे बाकावर आडवे झाले, डोकं जाऊबाईंच्या मांडीवर. आता ते काहीच बोलत नव्हते. आमगाव गेलं तेव्हा समोरच्या बाकावरचा एक प्रवासी नाक मुरडून म्हणाला, “सुबह सुबह चढ़ा ली क्या?” जाऊबाईंनी पदर तोंडावर घेतला. मी त्याला असं काही सुनावलं की तो पुढच्या स्टेशनावर डबा बदलून गेला.

दवाखान्यातल्या कंपाउंडरनंही तेच केलं. वास घेतला आणि म्हणाला, “पहले इसका नशा उतरने दो.” मी लहानपणापासून गोंदियाची हिंदी बोललेली. मी म्हटलं, “नशा नहीं है. डॉक्टरसाब को बुलाओ, नहीं तो मैं खुद अंदर जाती हूँ.” आणि गेलेही. डॉक्टर वयस्कर होते. मी सगळं सांगितलं: पाणी, वाळणं, उपास, वास दिवसागणिक वाढणं. उपासानं वाढला म्हटल्याबरोबर ते खुर्चीवरून उठले. बाहेर येऊन भासऱ्यांच्या तोंडाशी वाकले आणि स्वतःचं नाक जवळ नेलं. मी पाहत होते. त्यांनी डोळे मिटले नाहीत, सुस्कारा सोडला नाही. कंपाउंडरला म्हणाले, “पेशाब गरम करो, जल्दी.”

काचेच्या नळीत निळं पाणी होतं. त्यात लघवीचे थेंब टाकून दिव्यावर धरलं. निळं हिरवं झालं, हिरव्याचं पिवळं, आणि बघता बघता कौलासारखं लाल. डॉक्टर म्हणाले, “शक्कर की बीमारी है.” मग इंजेक्शन आलं, सलाईनची बाटली आली, आणि आम्हाला बाहेर बसवलं.

संध्याकाळी डॉक्टरांनी मला समजावून सांगितलं. रक्तात साखर मावेनाशी होते, पण अंगाला ती वापरता येत नाही. मग अंग आपलीच चरबी जाळतं, आणि त्या जळण्याचा वास श्वासातून बाहेर पडतो. उपास केला की आणखी चरबी जळते, वास आणखी वाढतो. पाणी पीत राहिला म्हणून इथवर पोचला. “एक दिन और भूखा रहता तो नहीं मिलता,” ते म्हणाले. आणि हसून विचारलं, “तुमने कैसे पहचाना?” मी म्हटलं, “पहचाना नहीं साब. याद आया.” मग मी बाहेर व्हरांड्यात जाऊन खूप रडले. भासऱ्यांसाठी नाही, ते वाचणार होते. त्या आठ वर्षांच्या पोरीसाठी रडले, जिच्यासाठी घरात कुणी नीट रडलंही नव्हतं, फुलं खाऊन मेली म्हणून.

भासरे सावरल्यावर आम्ही गावी परतलो तेव्हा मंडळ ओसरीवर बसलं होतं. डॉक्टरांचं म्हणणं नवऱ्यानं सांगितलं. या वेळी त्याची जीभ चालली. म्हातारा पंच डोकं खाजवून म्हणाला, “बाई, मले तं पहिल्या धारेचीच वाटली होती.” मी दाराआडून म्हटलं, “तुमाले देवाच्या तीर्थातही तीच वाटंन.” लोक हसले, तोही हसला. सगळ्यांनी मिळून भासऱ्यांना पुन्हा त्यांच्या जागेवर बसवलं. ज्यानं घोंगडी उचलली होती तो दुसऱ्या सकाळी, कुणी न सांगता, आमच्या अंगणात येऊन जात्यावर बसला. जाऊबाईंनी त्याला अर्ध्यात उठवलं. तेवढं पुरे म्हणाल्या, पीठ जाड पडतंय.

खरी अडचण वेगळीच होती. इंजेक्शन रोज द्यायचं होतं, जन्मभर. औषधाची बाटली डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे ओल्या वाळूत पुरलेल्या मडक्यात ठेवली. पिचकारी काचेची, ती उकळायची, मग बारीक रेघांपर्यंत औषध भरायचं. एक रेघ इकडची तिकडे झाली तर माणूस दगावू शकतो, हे डॉक्टरांनी आम्हा सगळ्यांना तीनतीनदा बजावलं होतं. रोज गोंदिया शक्य नाही, जवळ कुठे कंपाउंडर नाही. भासऱ्यांची नजर त्या दिवसांत धूसर झाली होती, रेघा दिसत नव्हत्या. जाऊबाईंना अक्षरओळख नव्हती. नवऱ्यानं सुई पाहिली आणि खाली बसला. गोंदियाला सातवीपर्यंत शिकलेली घरात मी एकटी. दवाखान्यात कंपाउंडरनं एका जांबावर सुई टोचून सराव करवला होता तोही माझ्याकडूनच.

पहिल्या सकाळी मी पिचकारी उकळून तयार ठेवली. पडवीत भासरे बसले होते, बंडीची बाही वर सरकवलेली. जाऊबाई बाजूला, नवरा लांब. दारात सासूबाई. मी पिचकारी घेऊन आले. हातात पिचकारी, डोळ्यांवर पदर, आणि पदरातून त्या रेघा दिसेनात. मी पदर मागे सारला. सासूबाईंच्या तोंडून निघालं, “अवं, पदर! थोरला बसला हाय तिथं.” त्यांनी ते रागानं म्हटलं नाही. उभ्या जन्माची सवय, तोंडातून निघून गेलं. माझा हात थबकला. मी काही भित्री नव्हते, पण सासूसमोर, भर उजेडात, भासऱ्यांच्या उघड्या दंडाला हात लावायचा होता, आणि अंगणाच्या कुडापलीकडे दोन शेजारणी टाचा उंचावून पाहत होत्या.

भासरे भिंतीकडे बघत होते, नेहमीसारखे. ते आईला म्हणाले, “राहू दे वो माय. तिले रेघ दिसली पायजे.”

मग त्यांनी मान वळवली. जाऊबाईंकडे नाही, भिंतीकडे नाही. सरळ माझ्याकडे पाहिलं, आणि लग्न होऊन इतकी वर्षं झाल्यावर पहिल्यांदा माझ्याशी बोलले.

“टोच, बेटी.”

मी रेघ पाहिली, आणि सुई टोचली.